मधुमेहातील न दुखणारी दुखणी



अहवालाच्या पुढील पानांवर बाह्यरुग्ण, आंतररुग्ण आणि शस्त्रक्रिया यांचे आकडे आम्ही नेहमीप्रमाणे सादर केले आहेत. परंतु रुग्ण ज्या वेळी यावयास हवा होता, त्या वेळी तो का आला नाही, हे आकड्यांत दिसत नाही. मधुमेहाच्या बाबतीत तर पुष्कळसा खर्च आणि पुष्कळसे दुःख याच एका प्रश्नापाशी येऊन थांबते. आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नाही. मात्र आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि कार्यालयात बसून जे पाहिले, ते आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याखेरीज १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा विषय कोणत्याही घराला परका राहिलेला नाही.

बाजारात भाजी विकणारे एक गृहस्थ आमच्याकडे दाखल झाले होते. चपलेचा खिळा तळपायात रुतला होता, पण त्यांना तो जाणवलाच नाही. फरशीवरचा रक्ताचा डाग प्रथम त्यांच्या पत्नीला दिसला. त्यानंतरही पंधरवडाभर ते घरीच राहिले. अखेर पायाची दोन बोटे काढावी लागली. लवकर का आला नाहीत, असे विचारता ते म्हणाले, “साहेब, पाय दुखतच नव्हता. आणि आलो असतो तर साखर वाढली म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली असती.” या उत्तरातील पहिले वाक्य शरीराविषयी आहे आणि दुसरे मनाविषयी. मधुमेहातील गुंतागुंत समजून घ्यावयाची तर ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावी लागतात.

शरीरात काय घडते?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की रक्तवाहिन्यांची आणि मज्जातंतूंची हानी होते. बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या की डोळ्यांचा दृष्टिपटल आणि मूत्रपिंडे यांस इजा पोहोचते. मोठ्या रक्तवाहिन्या बिघडल्या की हृदयविकार, पक्षाघात आणि पायांचा रक्तपुरवठा कमी होणे, असे धोके संभवतात. मज्जातंतूंची हानी झाली की पायांना मुंग्या येतात, आग होते आणि पुढे बधिरता येते. बधिर पायाला झालेली जखम कळत नाही आणि रक्तपुरवठा अपुरा असल्यास ती भरतही नाही. मधुमेहामुळे पाय गमवावा लागलेल्या बहुतेकांच्या बाबतीत प्रारंभ एखाद्या साध्या जखमेनेच झालेला असतो.

यातील बहुतेक विकार सुरुवातीस दुखत नाहीत. दृष्टिपटलाची हानी बरीच पुढे जाईपर्यंत नजर चांगली राहते. मूत्रपिंडांचा विकार प्रथम लघवीच्या तपासणीतच दिसतो. काही मधुमेही रुग्णांना हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येत नाही. म्हणून ‘काही त्रास नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा घेता येत नाही.

आमचा पिंड हिशेबाचा असल्याने त्याच भाषेत सांगतो. बोट टोचून पाहिलेली साखर ही रोजकीर्द होय. तीत फक्त त्या क्षणाची नोंद असते. एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी सांगणारा तिमाही ताळेबंद होय. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते, हे १९९३ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवून दिले. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरील नियंत्रण, तसेच तंबाखू वर्ज्य करणे, हेही तितकेच अगत्याचे आहे.

मनात काय घडते?

मधुमेहाला रजा नसते. काय खावे, गोळी कधी घ्यावी, लग्नाच्या पंगतीत आग्रह कसा मोडावा, श्रावणातील उपवास करावा की नाही, याचा विचार रोज करावा लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यास रात्री झोपेत साखर उतरण्याची धास्ती असते. एकदा घाम फुटून, थरथर होऊन भोवळ आली की त्या भीतीपोटी काही जण मुद्दामच साखर चढी ठेवतात. मधुमेह असलेल्या मुलीचे आईवडील तिच्या लग्नाच्या काळजीने आजार लपवितात आणि ती मुलगी चारचौघांत इंजेक्शन घेणे टाळते. पुरुषांमध्ये येणारी लैंगिक दुर्बलता तर डॉक्टरांपाशीही बोलली जात नाही.

मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट आढळते. खचलेला मनुष्य औषध चुकवतो, चालणे सोडतो, तपासणीस येत नाही. मानसिक ताणामुळे शरीरात स्रवणारी संप्रेरकेही साखर वाढवितात. साखर वाढली की अपराधी वाटते आणि मन आणखी खचते. हे चक्र केवळ गोळी बदलून तुटत नाही.

घरच्यांनी काय करावे?

रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. रुग्णास स्वतः वाकता येत नसेल तर घरातील कोणी पाहाव्यात. अनवाणी चालू देऊ नये आणि चपलेत पाय घालण्यापूर्वी ती झटकून घ्यावी. साधारणतः वर्षातून एकदा डोळ्यांचा दृष्टिपटल, लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना या चार गोष्टी तपासून घ्याव्यात. सर्वसाधारण मधुमेहात हे निदान झाल्यापासूनच करावे, कारण तो कळण्यापूर्वी बराच काळ शरीरात असू शकतो.

याबरोबरच एक विनंती आहे. ‘पुन्हा गोड खाल्लेत ना?’ असे विचारण्याऐवजी ‘आज बरे वाटते का?’ असे विचारावे. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे सारे संपले, असेही म्हणू नये. १९२२ साली टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम दिले गेले, तेव्हापासून ते जीव वाचवीत आले आहे.

आमची बाजू

बोलणी केवळ घरीच बसतात असे नाही. आमच्या बाह्यरुग्ण विभागातही साखरेचा आकडा मोठ्याने वाचला जात असे आणि न आलेल्या रुग्णापुढे ‘निष्काळजी’ असा शेरा पडत असे. ती चूक आमची होती, हे येथे नमूद करतो. आता आकडा रुग्णाला एकट्याला सांगितला जातो आणि तपासणी चुकल्यास वैद्यकीय समाजसेविका आपुलकीने चौकशी करतात.

पायाची संवेदना नायलॉनच्या एका बारीक तंतूने, काही मिनिटांत तपासता येते. त्या तंतूची किंमत आणि एका अंगच्छेदाचा खर्च यांची तुलना करावयास वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. तरीही दात्यांचा ओढा स्वाभाविकपणे यंत्रे आणि खाटा यांकडे असतो, कारण त्यांवर नाव कोरता येते. न कापल्या गेलेल्या पायावर नाव कोरता येत नाही. आपल्या देणगीचा काही अंश तपासणी आणि समुपदेशन यांसाठी राखून ठेवावा, अशी आमची नम्र प्रार्थना आहे. ते भाजीविक्रेते गृहस्थ आता नियमित येतात आणि न सांगता चप्पल काढून पाय पुढे करतात.