आरोग्यसेवेच्या विस्तारातील अग्रक्रम

सर्व सेवा सर्वांना एकाच वेळी देणे शासनास शक्य नसते; म्हणून आधी काय, हा प्रश्न न्यायाचा ठरतो. अत्यावश्यक सेवा बहुतेक सर्वांपर्यंत पोहोचण्यापूर्वी दुय्यम सेवा वाढविणे अन्याय्य होय, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने २०१४ साली प्रतिपादिले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जवळजवळ हाच क्रम आचरला. गावांनी निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर अशा स्त्रियांना शिकवून त्यांनी सुरक्षित बाळंतपण, बालपोषण, लसीकरण व स्वच्छ पाणी यांना अग्रस्थान दिले. उलट, २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील ठराविक शस्त्रक्रिया व उपचार यांवर होता. त्यांची निकड खोटी नव्हे. परंतु त्यांचा लाभ रुग्णालय गाठू शकणाऱ्यालाच मिळतो. रुग्णालय जामखेडलाही होते. मात्र गावात होऊ न शकणाऱ्या उपचारांसाठी.