गाडी लागते, पाणी बाधते, झोप येत नाही

दिवाळीचा फराळ संपत आला की मराठी मध्यमवर्गीय घरांत मे महिन्याच्या सहलीची बोलणी सुरू होतात. त्या बोलण्यांत मुक्कामाची ठिकाणे, तिकिटांचे दर आणि शाकाहारी जेवणाची सोय या सगळ्याचा कीस पाडला जातो. ज्या शरीराला बरोबर घेऊन हा प्रवास करायचा असतो, त्याचे मत मात्र कोणी विचारत नाही. सहलींच्या रंगीत माहितीपुस्तिकांतही बर्फ, सरोवरे आणि हसतमुख दांपत्ये आढळतात, पण प्लास्टिकची पिशवी हाती धरून खिडकीशी बसलेला पर्यटक त्यांत कधी दिसत नाही. वस्तुतः प्रवासातील बऱ्याचशा तक्रारी म्हणजे शरीराने आपले नेमून दिलेले काम चोख बजावल्याचे परिणाम असतात. अडचण एवढीच की, मालक सुट्टीवर आहे हे त्याला कोणी कळवलेले नसते.

या तक्रारींत पहिला मान गाडी लागण्याचा. चिपळूणहून कराडकडे जाताना लागणारा कुंभार्ली घाट किंवा सावंतवाडीहून वर चढणारा आंबोली घाट ज्यांनी एसटीने पार केला आहे, त्यांना गाडीच्या पत्र्यावर खिडकीखालून मागच्या दिशेने तिरपे गेलेले वाळके ओघळ आणि त्यांवरून मागील आसनावरच्या प्रवाशाने घाईघाईने बंद केलेली काच यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या प्रकाराचे मूळ पोटात नसून कानात असते. आतल्या कानात अर्धवर्तुळाकार अशा तीन नलिका असून त्यांतील द्रव डोके वळले की हलतो आणि त्या हालचालीवरून मेंदूला वळणाची बातमी मिळते. त्याच वेळी डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर खिळलेले असतील, तर सारे काही स्थिर असल्याचा उलट अहवाल तेथून येतो. परस्परविरोधी अहवाल आल्यावर मेंदूने उलटीचाच निर्णय का घ्यावा, याचे एक प्रसिद्ध स्पष्टीकरण मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ साली मांडले. उत्क्रांतीच्या दीर्घ काळात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडण्याचे नेहमीचे कारण विषबाधा हेच असल्याने, मेंदू आजही विष पोटात गेल्याचे गृहीत धरतो आणि ते बाहेर काढण्याची व्यवस्था करतो, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क अद्याप सिद्ध झालेला नाही. तो खरा मानल्यास, घाटात बाहेर पडणारी इडली-चटणी संशयाचा फायदा न मिळालेली निरपराध आरोपी ठरते.

चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते. म्हणूनच पुढे बसावे आणि दूरवर नजर ठेवावी, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला शास्त्राला धरून आहे. आलेपाकाची वडी चघळण्यालाही काही प्रमाणात आधार सापडतो, कारण मळमळीवर आल्याचा उपयोग होतो असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. आसनावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसल्याने गाडी लागत नाही, या समजुतीला मात्र असा कोणताही आधार नाही. तरीही तिची एक बाजू विचारात घ्यावी लागेल: चालत्या गाडीत वाचनाने मळमळ वाढते, आणि बुडाखाली असलेले वर्तमानपत्र वाचता येत नाही. औषधाची गोळी घ्यायची तर ती निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. पहिल्या वळणानंतर पर्समध्ये तिचा शोध सुरू करणाऱ्यांना तिचा फारसा लाभ होत नाही. या त्रासात कमीपणा मानण्याचेही कारण नाही, कारण ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे आणि चार्ल्स डार्विनने ‘बीगल’ जहाजावरील १८३१ ते १८३६ या सफरीचा बराच काळ आडवे पडून काढला.

घाट टाळून विमानाने जाणाऱ्यांची सुटका होते असे नाही. विमानातील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका न राखता साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखला जातो. विमान उतरू लागले की तो वाढतो, आणि घसा व मधला कान यांना जोडणारी नळी वेळेवर उघडली नाही तर कानाला दडे बसतात. गिळल्याने किंवा जांभई दिल्याने ही नळी उघडते. लहान मूल तेवढ्या वेळात भोकाड पसरते, आणि त्या रडण्यात गिळणेही होत असल्याने त्याचे कान मोकळे होतात. शेजारच्या प्रवाशांचे कान तेवढे किटतात.

उंचीचा खरा हिसका बसतो तो लेहमध्ये. समुद्राकाठची मुंबई सोडून काही तासांत ३,५०० मीटरवर पोहोचलेल्या पर्यटकाला तेथेही हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच मिळते, परंतु हवेचा एकूण दाब जवळजवळ दोन तृतीयांशावर आलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड ही त्याची लक्षणे असून, पहिले एक-दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी असे सांगितले जाते. धाप वाढत गेली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर विनोद बाजूला ठेवून तातडीने खाली उतरणे आणि वैद्यकीय मदत घेणे आवश्यक असते. दाब कमी झाला की वायूचे आकारमान वाढते, हा बॉइलचा नियम शाळेत न समजलेल्यांना तो लेहमध्ये बॅग उघडताच समजतो, कारण घरून नेलेली चिवड्याची पाकिटे उशीसारखी टम्म फुगलेली असतात. आतड्यांतील वायूही त्याच हिशेबाने सुमारे दीडपट होऊ पाहतो. पॉल ऑरबाक आणि यॉर्क मिलर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी कोलोरॅडोच्या डोंगरांत फिरताना आलेल्या अनुभवावरून, उंचीवर वारंवार वायू सरण्याच्या या प्रकाराची नोंद १९८१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात रीतसर केली. सहलीत नव्याने ओळख झालेल्या मंडळींसोबत बंद काचांच्या गाडीतून खार्दुंग ला चढताना या शोधाचे महत्त्व विशेष पटते.

पाणी बाधणे हा प्रकार त्या मानाने कमी विनोदी आहे. ज्याला पाणी बदलणे म्हणतात ते बहुधा जंतू बदलणे असते, आणि आतड्यात जुलाब घडवणारे विष तयार करणाऱ्या ‘ई. कोलाय’ जंतूच्या जाती त्यात आघाडीवर असतात. बाटलीबंद पाण्याचे सील दोनदा तपासणारा पर्यटक त्याच टपरीवर उसाच्या रसात बर्फ टाकून घेतो, तेव्हा त्या सीलचा उपयोग उरत नाही. उपचार मात्र सोपा आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजत राहावे. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे त्यामागचे तत्त्व आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी वापरून असंख्य जीव वाचवले. जुलाबात रक्त दिसले किंवा ताप चढला, तर मात्र घरगुती उपायांवर विसंबून राहू नये.

याच्या उलट तक्रार असणाऱ्यांची संख्या मोठी असली तरी ती चारचौघांत बोलली जात नाही. पोटात चहा-नाश्ता गेला की मोठे आतडे जागे होते, अशी निसर्गाची योजना आहे. सहलींत रूढ असलेले ‘सहा-सात-आठ’, म्हणजे सहाला उठणे, सातला नाश्ता आणि आठला बस, हे वेळापत्रक त्या योजनेला जेमतेम जागा ठेवते, आणि तीतही खोलीतील चौघांसाठी न्हाणीघर एकच असते.

नव्या जागी झोप न येण्याचा दोषही गादीला देऊन चालत नाही. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी २०१६ साली दाखवून दिले की, अनोळखी ठिकाणच्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि परक्या आवाजाला अधिक लवकर प्रतिसाद देतो. सात रात्री आणि सहा हॉटेले अशा सहलीत हा अर्धा मेंदू जवळजवळ रोज पहाऱ्यावर असतो. त्यातून सहनिवासी घोरणारा निघाला, तर दुसऱ्या अर्ध्यालाही कामाला लावले जाते. चावणारे नवे बूट, समुद्रकाठी सोललेली नाके आणि पावसाळी जंगलात मोज्यांत शिरणाऱ्या जळवा यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल.

एवढे सोसून मिळणाऱ्या सुखाचाही अभ्यास झालेला आहे. येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५३० डच नागरिकांची पाहणी करून २०१० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळतात ते मुख्यतः निघण्यापूर्वी. परतल्यावर, अत्यंत निवांत सुट्टी झालेल्यांचा अपवाद वगळता, दोघांत फरक उरत नाही. म्हणजे नकाशे पाहणे, याद्या करणे आणि आरक्षणासाठी धडपडणे हाच सहलीचा भरवशाचा भाग ठरतो. या दृष्टीने पाहता, आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणण्याचा भारतीय रेल्वेचा निर्णय प्रवाशांच्या आनंदात थेट निम्म्याने कपात करणारा असून, त्याविरुद्ध अद्याप एकाही प्रवासी संघटनेने या मुद्द्यावर निवेदन दिल्याचे ऐकिवात नाही.