नऊ पोती, एक हलकं. तराजू दोनदाच लावायचा

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर रविवारी रात्री एक कोडं पडतं. बक्षीस काही नाही, पण चुरस भारी. नियम एकच: नुसतं उत्तर चालत नाही, कारण सांगायचं.

गेल्या रविवारचं कोडं: सोयाबीनची नऊ पोती, दिसायला सारखी. आठांचं वजन एकच, एक हलकं. दोन पारड्यांचा तराजू आहे, मापं नाहीत. दोनदाच तोलून हलकं पोतं शोधा.

मी घाईत लिहिलं, चार इकडं, चार तिकडं. चुकलं. एक बाजू हलकी निघाली की चार पोती संशयात राहतात आणि त्यांतून एक काढायला आणखी दोनदा तोलावं लागतं. म्हणजे तीन वेळा झालं.

आठवीतल्या एका पोरीनं बरोबर सांगितलं. तीन-तीनचे तीन ढीग करा. दोन ढीग पारड्यांत घाला. एक पारडं वर गेलं तर हलकं पोतं त्यात. दोन्ही सारखी राहिली तर खाली ठेवलेल्या ढिगात. मग त्या तिनातली कोणतीही दोन समोरासमोर तोलली की झालं.

जन्मभर माल तोलला, पण तराजू तीन उत्तरं देतो हे डोक्यात आलं नव्हतं: डावं, उजवं, सारखं. म्हणूनच 27 पोत्यांना तीनदा आणि 81 ना चारदा तोलणं पुरतं.

या रविवारी बारा पोती आहेत. एक वेगळं, पण हलकं की जड ते सांगितलेलं नाही. तीनदाच तोलायचं. मला फोन करू नका, मी अजून अडकलोय.