आधी प्लॅन, मग अप्लाय

बदल एका शब्दाचा आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालणाऱ्या एका डेटाबेसचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये ‘स्टोरेज एन्क्रिप्टेड’ या ओळीपुढे ‘फॉल्स’ होतं, तिथे कुणीतरी ‘ट्रू’ केलं. हेतू चांगलाच आहे. ग्राहकांची माहिती उघडी पडून राहू नये, एन्क्रिप्ट होऊन साठवली जावी. रिव्ह्यू करणारा नुसती ओळ वाचेल, तर राहून गेलेलं काम मार्गी लागलं म्हणून लगेच मंजुरी देईल.

पण हा बदल मंजुरीसाठी मांडणाऱ्या पुल रिक्वेस्टवर एका बॉटची कमेंटही आली आहे. तिच्यात डेटाबेसच्या नावाआधी वजा आणि अधिक अशी दोन्ही चिन्हं आहेत. बदललेल्या ओळीशेजारी ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ असा शेरा आहे. तळाशी गोळाबेरीज आहे: एक नवीन होणार, शून्य बदलणार, एक नष्ट होणार. आरडीएस या ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेतला चालू डेटाबेस जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येत नाही. त्यामुळे डिलीशन प्रोटेक्शन लावलेलं नसेल, तर ही फाइल वाचून काम करणारं टेराफॉर्म हे साधन जुना डेटाबेस काढून टाकणार आणि त्याच्या जागी नवा, रिकामा उभा करणार. हे दिसल्यावर मंजुरी थांबते आणि योग्य मार्गावर बोलणं सुरू होतं: आधी स्नॅपशॉट, मग त्याची एन्क्रिप्ट केलेली प्रत, त्या प्रतीतून नवा डेटाबेस, आणि हे सगळं ग्राहकांना आधी कळवून ठरवलेल्या वेळी.

ही कमेंट आपोआप टाकणाऱ्या यंत्रणेची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे. आज जगभरच्या इन्फ्रास्ट्रक्चर टीम्स तिच्यावर विसंबून काम करतात, तरी त्या कामाबाहेरच्या फार थोड्यांना ती माहीत आहे.

ओळ आणि परिणाम

मिचेल हाशिमोटो आणि आर्मन दादगर यांच्या हाशिकॉर्प कंपनीने २०१४ साली टेराफॉर्म आणलं. सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस, परवानग्या हे सगळं कन्सोलवर क्लिक करत उभं करण्याऐवजी आपल्याला काय हवं ते फाइलमध्ये लिहायचं. ते प्रत्यक्षात कसं आणायचं हे टेराफॉर्म ठरवतं. त्यासाठी ते तीन गोष्टी ताडून पाहतं: फाइलमध्ये काय लिहिलंय, गेल्या वेळी काय उभं केल्याची नोंद स्टेट फाइलमध्ये आहे, आणि क्लाउडवर आत्ता खरोखर काय आहे. या तिन्हींतला फरक म्हणजे प्लॅन. हिरवं अधिकचं चिन्ह म्हणजे नवीन होणार, लाल वजा म्हणजे नष्ट होणार, पिवळी नागमोडी रेघ म्हणजे आहे त्यातच बदल. प्लॅन मान्य असेल तर अप्लाय.

साध्या प्रोग्रॅमचा रिव्ह्यू बहुतेक वेळा ओळी वाचून होतो. इथे तो होत नाही, कारण ओळीचा परिणाम ओळीत नसतो. आज काय उभं आहे त्यावर तो ठरतो. तीच ओळ एका वातावरणात निरुपद्रवी आणि दुसऱ्यात घातक असू शकते. छापखान्यात फर्मा मशीनवर चढण्याआधी प्रूफ तपासतात, तसं हे आहे. हस्तलिखित कितीही बारकाईने वाचलं, तरी पानावर काय उमटणार ते प्रूफमध्येच कळतं.

परिणाम आधी न दिसण्याची किंमत किती मोठी असू शकते, ते २८ फेब्रुवारी २०१७ला जगाने पाहिलं. ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत बिलिंगशी संबंधित दोष शोधताना एका कमांडमध्ये चुकीची माहिती भरली गेली. काढायचे होते थोडे सर्व्हर, निघाले कितीतरी जास्त. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्या रीजनवर अवलंबून असलेल्या असंख्य वेबसाइट काही तास बंद पडल्या किंवा अडखळल्या. पुढे ॲमेझॉनने आपल्या साधनातच बदल केला: सर्व्हर हळूहळू काढायचे आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊच द्यायचं नाही. त्या घटनेत टेराफॉर्मचा संबंध नव्हता, पण धडा सगळ्यांसाठी होता. माणसाला सावध राहा म्हणून सांगून भागत नाही, सावधपणा साधनात बसवावा लागतो.

लॅपटॉपवरून सर्व्हरवर

सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या लॅपटॉपवर प्लॅन चालवायचा आणि आठवण राहिली तर निकाल पुल रिक्वेस्टमध्ये चिकटवायचा. तो निकाल सकाळचा, मंजुरी संध्याकाळची आणि मधल्या वेळात दुसऱ्याने काहीतरी अप्लाय केलेलं, असा प्रकार सर्रास होई. शिवाय प्रॉडक्शनच्या किल्ल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर.

कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या हूटसूट कंपनीत अनुभव मिश्रा आणि ल्यूक कायसो यांनी यावर उपाय म्हणून ॲटलांटिस तयार केलं आणि २०१७मध्ये ते ओपन सोर्स झालं. गो भाषेत लिहिलेला हा एक सर्व्हर आहे. तो आपला आपण चालवायचा. पुल रिक्वेस्ट उघडली की गिटहबकडून त्याला वेबहुक, म्हणजे आपोआप सूचना, जाते. तो कोड उतरवून घेतो, कोणत्या फोल्डरमधल्या टेराफॉर्म फाइल बदलल्या ते पाहतो, तिथे प्लॅन चालवतो आणि निकाल कमेंट म्हणून टाकतो. नवा कमिट आला की प्लॅनही नवा.

यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे लॉक. एखाद्या फोल्डरचा प्लॅन निघाला की ती पुल रिक्वेस्ट मर्ज किंवा बंद होईपर्यंत, अथवा कुणी लॉक सोडेपर्यंत, दुसऱ्या पुल रिक्वेस्टला तिथे प्लॅन काढता येत नाही. आधी कोणाचं काम चालू आहे ते नावानिशी दिसतं. मंजुरीनंतर ‘ॲटलांटिस अप्लाय’ अशी कमेंट लिहायची. सर्व्हर नव्याने हिशोब मांडत नाही. जपून ठेवलेला, रिव्ह्यू झालेला तोच प्लॅन तो लागू करतो. मंजुरीशिवाय अप्लाय होऊ नये, अशी अटही सर्व्हरवर घालता येते.

अप्लाय आधी आणि मर्ज नंतर, हा ॲटलांटिसचा क्रम अनेकांना उलटा वाटतो. त्यामागे कारण आहे. चांगला दिसलेला प्लॅनही अप्लायच्या वेळी अडू शकतो: क्लाउडची मर्यादा संपलेली असते, परवानगी कमी पडते, एस-थ्री बकेटचं नाव जगात दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. मर्ज झालं नसेल, तर दुरुस्ती त्याच पुल रिक्वेस्टमध्ये करता येते आणि मुख्य शाखेत फसलेला कोड जात नाही. काही टीम्स उलट क्रम पसंत करतात, कारण मुख्य शाखेत जे नाही ते प्रॉडक्शनवर असू नये असं त्यांना वाटतं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. टीमने एक क्रम ठरवून तो पाळणं महत्त्वाचं.

जपून वापरायची गोष्ट

प्लॅन काही बदलत नाही म्हणजे तो निर्धोक, ही समजूत घातक आहे. टेराफॉर्ममध्ये ‘एक्स्टर्नल’ नावाचा डेटा सोर्स आहे, तो प्लॅनच्या वेळीच एखादा प्रोग्रॅम चालवतो. अनोळखी माणसाच्या पुल रिक्वेस्टवर आपोआप प्लॅन चालवणं म्हणजे प्रॉडक्शनच्या किल्ल्या असलेल्या सर्व्हरवर त्याला हवं ते करू देणं. म्हणूनच फोर्कमधून, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीतून, आलेल्या पुल रिक्वेस्ट ॲटलांटिस मुळात स्वीकारत नाही, आणि कोणत्या रिपॉझिटरी चालतील त्यांची यादी आधी द्यावी लागते. वेबहुकला सीक्रेट लावणं, सर्व्हरला गरजेपुरत्याच परवानग्या देणं ही कामं टाळण्यासारखी नाहीत.

दुसरा धोका वाचणाऱ्याच्या थकव्याचा. गिटहबच्या एका कमेंटमध्ये ६५,५३६ अक्षरं मावतात. मोठा प्लॅन त्याहून लांब होतो, तेव्हा ॲटलांटिस तो अनेक कमेंटमध्ये तोडून टाकतं. एवढं कोणी मन लावून वाचत नाही. उपाय दोन आहेत. इन्फ्रास्ट्रक्चर लहान भागांत विभागायचं, म्हणजे प्लॅन लहान निघतो. आणि कॉन्फटेस्टसारख्या साधनाने नियम लिहून ठेवायचे: डेटाबेस नष्ट होणार असेल तर ठरावीक लोकांच्या संमतीशिवाय पुढे जायचं नाही.

गेल्या काही वर्षांत आजूबाजूचं बरंच बदललं. २०२३मध्ये हाशिकॉर्पने टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू ही त्याची ओपन सोर्स शाखा निघाली. २०२५मध्ये हाशिकॉर्प आयबीएमकडे गेली. ॲटलांटिस २०२४मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनच्या सँडबॉक्समध्ये दाखल झालं. बदलाचा परिणाम आधी दाखवण्यासाठी ॲमेझॉनच्या क्लाउडफॉर्मेशनमध्ये चेंज सेट आहेत, पुलुमीमध्ये प्रिव्ह्यू आहे. साधनं वेगळी असली तरी रीत एकच आहे.

या रीतीचा मोठा फायदा अनुभवी लोकांपेक्षा नव्यांना होतो. पुण्यातली, कामाला लागून थोडेच दिवस झालेली मुलगी प्रॉडक्शनच्या किल्ल्या हाती नसतानाही बदल सुचवू शकते, त्याचा परिणाम स्वतः पाहू शकते आणि परदेशातला सहकारी त्याच्या सकाळी तोच परिणाम वाचून तिला उत्तर देऊ शकतो. दोघांचं बोलणं नोंदलेलं राहतं आणि सहा महिन्यांनी तिसऱ्याला उपयोगी पडतं. मशीन इथे निर्णय घेत नाही. निर्णय घेणाऱ्यापुढे ते सगळं मांडून ठेवतं, एवढंच. मग ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायला फारशी जागा उरत नाही. ज्याच्या टीममध्ये अजून प्रत्येक जण आपल्या लॅपटॉपवरून अप्लाय करतो, त्याने नवं काही उभारण्याआधी हे एक काम हाती घ्यावं. मंजुरी देणाऱ्याला आपण कशाला मंजुरी देतोय हे कळणं, ही रिव्ह्यूची पहिली अट आहे.