विरजणातील जंतू आणि जनुकांची दुरुस्ती

वाचकहो, रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून आपण निश्चिंत मनाने झोपी जातो आणि सकाळी पातेल्यात घट्ट दही लागलेले असते. हे काम ज्या सूक्ष्म जंतूंनी केले, त्यांची आठवण आपल्याला सहसा होत नाही. त्या जंतूंनाही रोग होतात, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. जंतूंवर हल्ला करणारे, त्यांच्याहूनही सूक्ष्म असे विषाणू निसर्गात सर्वत्र आहेत. मोठ्या दुग्धालयात असा विषाणू शिरला, तर विरजण मरते आणि दूध वाया जाते.

मग हे इवलेसे जंतू अशा शत्रूपुढे टिकाव कसा धरतात? या साध्या प्रश्नाचा माग काढताना शास्त्रज्ञांच्या हाती जे साधन आले, त्याने वैद्यकशास्त्राला एक नवी दिशा दिली आहे.

शत्रूंची नोंदवही

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. चारच अक्षरांच्या लिपीत त्यावर त्या जीवाची सारी घडण लिहिलेली असते. १९८७ साली जपानमधील ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना आतड्यातील एका जंतूच्या डीएनएमध्ये एक चमत्कारिक गोष्ट आढळली. अक्षरांचा एकच गट ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येत होता. त्याचा अर्थ मात्र लागला नाही.

पुढे स्पेनमधील फ्रान्सिस्को मोहिका यांना मिठागरांत वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवात अशीच पुनरुक्ती दिसली. अनेक वर्षे त्यांनी तिचा पाठपुरावा केला. त्यांचे लक्ष गेले ते दोन पुनरुक्तींच्या मधल्या मजकुराकडे. तो मजकूर विषाणूंच्या डीएनएशी जुळत होता! २००५ साली त्यांनी आपले अनुमान प्रसिद्ध केले: जंतू आपल्यावर चालून आलेल्या विषाणूचा एक तुकडा कापून ठेवतात आणि शत्रूची ओळख पुढील पिढ्यांना वारशाने देतात. या रचनेला ‘क्रिस्पर’ असे नाव मिळाले आहे.

अनुमानाला प्रयोगाचा आधार मिळाला तो दह्याच्याच जंतूंकडून. डॅनिस्को या दुग्धव्यवसायाशी संबंधित कंपनीतील रोडोल्फ बारांगू, फिलिप ऑर्व्हाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जंतूंवर मुद्दाम विषाणू सोडले. जे जंतू जगले, त्यांच्या नोंदवहीत त्या विषाणूचा नवा तुकडा दाखल झाला होता. तो तुकडा काढून टाकताच जंतूंची प्रतिकारशक्ती गेली. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला.

कात्री आणि तिचा वाटाड्या

ओळख पटल्यावर शत्रूचा नाश कोण करतो? ‘कॅस’ नावाची प्रथिने ते काम करतात. नोंदवहीतील तुकड्याची आरएनए या रूपात एक प्रत तयार होते आणि ती वाटाड्याप्रमाणे प्रथिनाला घेऊन पेशीत फिरते. जुळणारा मजकूर सापडला, की प्रथिन कात्रीसारखे तो धागा तोडते.

फ्रेंच शास्त्रज्ञ इमॅन्युएल शार्पांतिये आणि अमेरिकेतील जेनिफर डाउडना यांनी २०१२ साली दाखवून दिले, की हा वाटाड्या प्रयोगशाळेत हवा तसा घडविता येतो. वीस अक्षरांचा पत्ता बदलला, की कात्री त्या नव्या ठिकाणी जाऊन कापते. लिथुआनियातील व्हिर्गिनियुस शिक्षनिस हेही स्वतंत्रपणे याच दिशेने पोहोचले होते. २०१३ च्या आरंभी ही कात्री मानवी पेशींतही चालते, असे सिद्ध झाले. शार्पांतिये व डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका अक्षराची चूक

आता आपल्या देशाकडे वळू. विदर्भ व नंदुरबारपासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरातपर्यंत, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक रोग आढळतो. एका जनुकातील अवघे एक अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मुलांना असह्य वेदनांचे झटके येतात आणि आयुष्य खुरटते.

येथे शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजली. गर्भात असताना बालकाच्या रक्तात निराळ्या प्रकारचे हीमोग्लोबिन असते, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर ते बहुतांशी बंद पडते. रुग्णाच्या रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढून, हे हीमोग्लोबिन बंद ठेवणारी कळ क्रिस्परने तोडली, तर ते पुन्हा तयार होऊ लागते. या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली.

परंतु वाचकहो, आनंदाच्या भरात दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. दुरुस्त पेशी परत देण्यापूर्वी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते, हा मोठा त्रास आहे. आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठरविण्यात आली. दुर्गम पाड्यावरील कुटुंबाला ही रक्कम असून नसल्यासारखीच. म्हणूनच दिल्लीच्या जीनोमिकी व समवेत जीवविज्ञान संस्थेने ‘बिरसा १०१’ हा स्वदेशी क्रिस्पर-उपचार विकसित करून २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केला, याचे महत्त्व मोठे आहे. तथापि रुग्णांवरील चाचण्यांच्या कसोटीस उतरल्यावाचून कोणताही उपचार घरोघरी पोहोचत नाही.

मर्यादेचे भान

रुग्णाच्या रक्तपेशींतील बदल त्याच्यापुरता राहतो. भ्रूणात केलेला बदल मात्र पुढील पिढ्यांत उतरू शकतो. २०१८ साली चीनमधील हे ज्यांकुई यांनी भ्रूणांत असे बदल करून जुळ्या मुली जन्मास आल्याचे जाहीर केले. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याचा निषेध केला आणि पुढे त्यांना तुरुंगवास झाला. जे मूल अद्याप जन्मलेच नाही, त्याची संमती कोण घेणार?

हे सारे घडत असताना एक सोपा उपाय आजच आपल्या हाती आहे. आई-वडील दोघेही सिकलसेलचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे रक्ततपासणीवाचून हे कळत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी केली जाते. ज्या भागांत हा रोग आढळतो, तेथील तरुण-तरुणींनी विवाहापूर्वी ती अवश्य करून घ्यावी. वाहक असणे हा कलंक नव्हे. ते आपल्या रक्तातील एक अक्षर आहे, आणि ते वेळीच वाचलेले बरे.