विजापूर कानांनी बघा!

मुलांनो, सोलापूरहून साधारण शंभर किलोमीटरवर कर्नाटकात विजापूर आहे. ही आदिलशाहीची राजधानी. १६५९ मध्ये अफझलखान शिवाजी महाराजांवर चाल करून निघाला, तो इथूनच. १६८६ मध्ये औरंगजेबाने शहर जिंकलं आणि आदिलशाही बुडाली. इमारती मात्र उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी सुट्टीतला एक दिवस काढा, आणि त्या दिवशी डोळ्यांइतकंच कानांनाही कामाला लावा.

सकाळी दार उघडता उघडताच गोलघुमट गाठायचा. उशीर झाला की सहलीच्या बसगाड्या येतात आणि वर नुसता कल्ला सुरू होतो. ही मोहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ मध्ये वारला. आत शिरलात की आधी खांब शोधा. एकही सापडणार नाही! आतून सुमारे ३८ मीटर रुंद असलेला घुमट, आणि मधे आधाराला काहीच नाही. मग हे ओझं पेलतं कोण? मान वर करा. भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदत जातात, चौकोनी दालनाला वर गोल करत आणतात आणि घुमटाचा भार जाडजूड भिंतींवर नेऊन सोडतात. मला तर ही रचना घुमटापेक्षाही सुंदर वाटते.

आता कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना चढा. पायऱ्या अरुंद आहेत, दम लागेल. वर घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा आहे. मैत्रिणीला अगदी समोरच्या बाजूला पाठवा. भिंतीकडे तोंड करून हळूच तिचं नाव घ्या. पलीकडे ती दचकून वळेल! मधे ३८ मीटरची पोकळी, तरी कुजबुज पोचलीच कशी?

जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकल भिंतीला चिकटून गरागरा फिरते ना, तसाच हा आवाज वक्र भिंतीला धरून पुढे सरकतो. मोकळ्या मैदानात तो चहूकडे पसरून विरतो. इथे तो भिंतीलगतच्या पट्ट्यात राहतो, म्हणून बराच शिल्लक उरतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटातल्या अशाच कुजबुजीचं कारण सांगितलं होतं. पुढे १९२१ मध्ये आपले सी. व्ही. रामन लंडनला गेले, तेव्हा त्यांनीही त्या घुमटात प्रयोग केले. परतीच्या बोटीवर ते समुद्राच्या निळाईकडे बघत बसले आणि प्रकाशाच्या विचारात पडले. ज्या संशोधनासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं, त्याची वाट तिथून सुरू झाली. एकाच प्रवासात आवाजही आणि प्रकाशही!

आता एक टाळी वाजवा. ती पुन्हा पुन्हा ऐकू येईल. गणित सोपं आहे. आवाज समोरच्या भिंतीपर्यंत ३८ मीटर जातो, ३८ मीटर परत येतो, झाले ७६. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, म्हणजे या फेरीला त्याला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो. दोन आवाज वेगळे कळायला कानाला सुमारे सेकंदाचा दहावा भाग पुरतो, म्हणून दर फेरीची टाळी सुटी ऐकू येते. घुमटाचा गुळगुळीत गिलावा आवाज फारसा शोषत नाही, त्यामुळे फेऱ्याही पुष्कळ होतात.

दुपारी तटाच्या बुरुजावर जा. तिथे मुलूखमैदान तोफ आहे, आपण फर्ड्या वक्त्याला जिचं नाव देतो तीच. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन! तोंडाशी जबडा वासलेला प्राणी कोरलाय. नीट बघा, त्याच्या दातांत हत्ती चिरडतोय. १८५४ मध्ये इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला, तर बोली आली अवघी दीडशे रुपयांची. म्हणून ती विकली गेली नाही. बरंच झालं! ही तोफ उडवताना बत्ती दिली की गोलंदाज कान वाचवायला हौदात बुडी मारायचे, असं सांगतात. युक्ती शास्त्राला धरून आहे, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो. त्याच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो.

संध्याकाळ इब्राहिम रोज्यासाठी ठेवा. इथे दुसरा इब्राहिम आदिलशहा विसावला आहे. तो गाण्याचा वेडा होता. ‘किताब-ए-नवरस’ हा गीतांचा ग्रंथ त्याचाच.

विजापूरला जायला अजून वेळ असेल, तर तोवर शाळेच्या मैदानात मोठी भिंत शोधा. तिच्यापासून तीसेक मीटरवर उभे राहा, टाळी वाजवा आणि कान द्या. मग एकेक पाऊल भिंतीकडे जात पुन्हा पुन्हा वाजवा. साधारण सतरा मीटरच्या आत आलात की परतलेली टाळी वेगळी ऐकू येईनाशी होते. तुमच्या मैदानात ती नेमकी कुठे हरवते, ते टेपने मोजून वहीत लिहून ठेवा.