गावात नवे बिऱ्हाड आले आहे

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातले, बुलढाणा जिल्ह्याच्या कडेचे गाव. जळगाव जिल्ह्याची हद्द जवळ, त्यामुळे इथल्या बोलीत अर्धे वऱ्हाड आणि अर्धे खानदेश. शिवारात कापूस, मका, सोयाबीन. रेल्वे गाठायची तर मलकापूर आणि जिल्ह्याच्या कचेरीत जायचे तर राजूर घाट चढून बुलढाणा. अशा गावात दरवर्षी काही बिऱ्हाडे नव्याने येतात. बदलीवर आलेला बँकेचा कारकून, शाळेत रुजू झालेल्या बाई, दोन मुले घेऊन माहेरी परतलेली लेक, पाडव्याला साल ठरवून मालकाच्या मळ्यात राहायला आलेला सालदार. मोठ्या माणसांचे कसेबसे जमून जाते. त्यांना काम असते, पारावर किंवा नळावर बोलायला माणसे भेटतात. कुचंबणा होते ती मुलांची. वर्गात बसायला बाक मिळतो, पण मधल्या सुटीत डबा कुणाजवळ बसून खायचा, हे कुणी सांगत नाही.

शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाचे काम मी बरीच वर्षे पाहिले. जून-जुलैमध्ये नव्या पालकांना हे सारे काय आहे ते समजावून सांगणे, हे त्यातले एक काम. आता निवृत्त झालो, तरी कुणी ना कुणी ओट्यावर येऊन विचारतेच. प्रश्न तेच आणि शंकाही त्याच. म्हणून आज ते सगळे एकत्रच मांडतो.

हे पोलिसातले का?

पहिला प्रश्न हमखास गणवेशावरून येतो. "गुरुजी, हे पोलिसायचं हाय का मिल्ट्रीचं?" दोन्हींचे नाही. मात्र प्रश्न अगदीच चुकीचाही नाही, कारण या चळवळीचा जनक सैन्यातलाच होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग या गावाचा वेढा २१७ दिवस झुंजवला. तो काळ १८९९-१९०० चा. माणसे अपुरी, म्हणून गावातली मुले निरोप पोचवण्याची कामे करीत होती. जबाबदारी टाकली की मुलगा ती पेलतो, हे त्याने तिथे पाहिले. पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्याने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे शिबिर भरवले. तंबू, शेकोटी, माग काढणे, प्रथमोपचार. बंदूक मात्र त्यात नव्हती. आजही नाही.

त्या शिबिरातली एक गोष्ट मी नव्या पालकांना आवर्जून सांगत असे. बेडन-पॉवेलने मुद्दाम दोन प्रकारची मुले गोळा केली होती. काही बड्या घरची, महागड्या शाळांत शिकणारी. आणि काही जवळपासच्या गावांतली, कष्टकऱ्यांची. त्यांना त्याने लहान लहान संघांत एकत्र घातले. इंग्लंडमधल्या त्या काळच्या वर्गभेदाची कल्पना असणाऱ्याला यातली हिंमत कळेल. स्काऊटिंगचा जन्मच मुळी मालकाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एका चुलीवर जेवायला बसवण्यातून झाला.

दार कुणाला उघडे?

आपल्याकडे मात्र सुरुवात याच्या उलट झाली. १९०९ मध्ये बंगलोरला पहिले पथक निघाले ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. त्यांना शिस्त, संघटना आणि रानातले कसब शिकवले तर उद्या ती आपल्यावरच उलटतील, ही राज्यकर्त्यांना धास्ती. तेव्हा आपल्या माणसांनी आपली पथके काढली. अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासेत, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत. आणि यात पहिल्या फळीतले एक नाव आपल्या बाजूचे, नागपूरचे आहे : विवियन बोस. हे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्याच कारभारात होते, म्हणजे ही आपल्या घरचीच गोष्ट.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी एकत्र आल्या आणि 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' उभी राहिली. मुलींची संघटना १५ ऑगस्ट १९५१ ला तीत सामील झाली. आज आपल्या शाळांत चालते ती हीच संस्था. तिच्या नियमांत जात, धर्म, प्रांत यांची आडकाठी नाही. स्काऊट सर्वांचा मित्र असतो, असे तिचा नियमच सांगतो. एके काळी आपल्याच मुलांना ज्या दारातून परत पाठवले, ते दार गावात नव्याने आलेल्या मुलासाठी आपण किलकिले ठेवायचे की सताड उघडायचे, एवढाच प्रश्न उरतो.

सहा-आठ जणांचा संघ

पथकात मुलगा नेमके काय करतो? साधारण दहाव्या वर्षापासून स्काऊट किंवा गाईड होता येते. त्याहून लहान मुलांसाठी कब आणि मुलींसाठी बुलबुल. पथकाचे सहा-आठ जणांचे संघ पाडतात आणि प्रत्येक संघाचा एक संघनायक असतो. शिक्षक शिकवतो त्याहून अधिक संघनायक शिकवतो, अशी ही रचना आहे. नवा मुलगा चाळीस-पन्नास जणांच्या वर्गात हरवून जाईल, पण सात जणांच्या संघात कसा हरवणार? तो आला नाही तर दोरीचे दुसरे टोक धरायला माणूस नसतो. त्याची उणीव भासते. परक्या गावात आपली उणीव कुणाला तरी भासणे, यासारखा दुसरा दिलासा नाही.

पहिले दोन-तीन महिने 'प्रवेश'ची तयारी चालते. वचन, नियम, तीन बोटांचा सॅल्यूट, डाव्या हाताचे हस्तांदोलन, ध्वजाची माहिती, काही गाठी. मग दीक्षाविधी होतो आणि गळ्यात स्कार्फ येतो. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. हा स्कार्फ शोभेचा नाही. मोडल्या हाताला झोळी म्हणून, डोक्याच्या जखमेवर पट्टी म्हणून तोच उपयोगी पडतो. शेतात बैलाच्या दाव्याला गाठ मारणाऱ्या मुलाला क्लोव्ह हिच शिकवायला मला कधी दोन मिनिटांहून जास्त लागली नाहीत. बँकेच्या साहेबांच्या मुलाला तीच गाठ त्या मुलाकडून शिकावी लागे. वर्गात पहिला कोण आणि शेवटचा कोण, याची गणिते तिथे सहज उलटीपालटी होत.

शिबिरात 'बिनभांड्याचा स्वयंपाक' नावाचा प्रकार असतो. भांडी न वापरता रांधायचे. शहरात याचे अप्रूप फार. आमच्याकडे एका आईने हे ऐकले आणि पदर तोंडाला लावून हसली. "त्यात काय शिकवता गुरुजी? गवऱ्यांवर रोडगे अन् पऱ्हाटीवर भरताचे वांगे भाजतो, ते मंग काय हाय?" बरोबरच होते तिचे. पुढच्या खेपेला आम्ही तिलाच शिकवायला बोलावले. नवे कुटुंब पथकाशी जोडले जाते ते असे. सूचना वाचून दाखवल्याने नाही, तर त्यांच्या हातात असलेले काहीतरी मागितल्याने.

पोरगी रातच्याले बाहेर?

आता खरा अवघड प्रश्न. एका वर्षी सातपुड्याच्या पायथ्याकडून सालदारकीवर आलेल्या कुटुंबातली एक मुलगी गाईड पथकात यायला लागली. चुणचुणीत, धीट. शिबिराचे पत्रक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. "गुरुजी, पोरगी रातच्याले घराबाहेर कशी राहीन? आमी नवे मानसं. उद्या लोकं नावं ठेवतीन." वडिलांची अडचण निराळी होती. कापसाची वेचणी सुरू झालेली, रविवारी पोरगी शेतात लागायची. एक माणूस कमी म्हणजे तेवढी मजुरी कमी.

या दोन्ही गोष्टींना 'पालकांचे अज्ञान' म्हणून झटकणे सोपे असते. पण भीती खरी होती आणि मजुरीही खरी होती. म्हणून गाईड पथकाच्या बाई स्वतः मळ्यात गेल्या. शिबिरात मुलींसोबत आपण स्वतः राहणार, मुलींचा मुक्काम वेगळा, जागा कोणती, कुणाचा फोन चालू असेल, हे सगळे त्यांनी सांगितले. एवढ्यावर न थांबता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच या एक रात्र. स्वयंपाकाला हात लागेल आम्हाला." आठवड्याची तासिका आम्ही रविवारऐवजी शनिवारी, शाळा सुटल्यावर ठेवली. त्यामुळे तिची मजुरी बुडाली नाही. आई शिबिराला आली. शेकोटीभोवती मुलींनी तिला गाणे म्हणायला लावले आणि तिने ते तिच्या बोलीत म्हटले. सगळ्या मुलींनी त्यावर ताल धरला.

इथेही इतिहास पाठीशी आहे. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली न बोलावता स्काऊटच्या वेशात हजर झाल्या. आम्हीही स्काऊट आहोत, असे त्यांनी बेडन-पॉवेलला सांगितले. त्यातून १९१० मध्ये गर्ल गाईड्स निघाली. भारतात १९११ मध्येच जबलपूरला गाईडचे पहिले पथक सुरू झाले. मुलींची जागा कुणी उदारपणे दिलेली नाही, ती त्यांनी मागून घेतलेली आहे. आमच्या मुलींना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे चमकत.

पैशांचे काय?

गणवेशाला, शिबिराला पैसे लागतात. जे देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी वर्गणी काढली तर मुलगा कायमचा मिंधा होतो. याला स्काऊटमध्ये एक सुंदर उत्तर आहे : 'खरी कमाई'. मुलांनी काम करून पैसे मिळवायचे. शाळेत भेळेची, लिंबू सरबताची दुकाने लागतात, कुणी सायकली पुसतो, कुणी भाजी विकतो. हिशेब मुलांनीच ठेवायचा. ही कमाई पथकाची. त्यातून गणवेश झाला तर तो दानाचा नसतो. बँकेच्या साहेबांचा मुलगा आणि सालदाराची मुलगी दोघांनी एकाच गल्ल्यात नाणी टाकलेली असतात.

"याचे गुण मिळतात का?" हेही पालक विचारतात. पुरस्कारप्राप्त स्काऊट-गाईडला परीक्षेत काही सवलती असतात, रेल्वेच्या भरतीतही स्काऊट-गाईड कोटा आहे. नियम वेळोवेळी बदलतात, ते शाळेत नीट विचारून घ्यावेत. पण गुणांसाठीच मूल पाठवायचे असेल तर ते पहिल्या चिखलातच परत फिरेल.

नव्या पालकांनी काय पाहावे?

सगळीच पथके जिवंत असतात असा दावा मी करणार नाही. कित्येक ठिकाणी पथक कागदावर असते आणि स्कार्फ पेटीतून १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला बाहेर निघतो. म्हणून मुलाला घालण्याआधी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. आठवड्याला तासिका होते का? संघनायक खरोखर काही शिकवतो, की नुसता रांगेत पुढे उभा राहतो? मुलींच्या शिबिरात बाई मुक्कामाला असतात का? आणि खरी कमाईचा हिशेब मुलांना ठाऊक आहे का? उत्तरे मिळाली तर निर्धास्त पाठवावे. न मिळाली तर शाळेशी भांडण्याआधी एक शनिवार स्वतः जाऊन दोरीचे एक टोक धरावे. निम्मी पथके पालकांच्या येण्यानेच जागी होतात.

जुन्या गावकऱ्यांनाही एक सांगणे आहे. आपल्या जिल्ह्यात शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाने सेवेकरी पाहिलेले असतात. कोण कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे तिथे कुणी विचारत नाही. काम नेमून दिले जाते आणि माणूस कामाला लागतो. गावात आलेल्या नव्या मुलाला आपण एवढेच द्यायचे आहे : एक काम आणि काम करायला सोबती.

ती सालदाराची मुलगी वर्षभरच आमच्याकडे होती. पाडव्याला साल फिरले आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावाला गेले. तिचा प्रथम सोपान झाला होता. मिळवलेला सोपान दुसऱ्या पथकात धरला जातो, त्यासाठी पथकाची चिठ्ठी लागते. निघायच्या आदल्या दिवशी ती चिठ्ठी मागायला एकटीच आली. आई-बाप सोबत नव्हते. नव्या गावच्या शाळेत पथक आहे का, याची चौकशी तिने आधीच करून ठेवली होती.